मुलांच्या संध्याकाळचा प्रश्न

जानेवारी २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या बिलोली तालुक्यात एका शेतकरी घरातील शाळकरी मुलाने आणि त्यापाठोपाठ त्याच्या वडिलांनी आपले जीवन संपविले. मुलाला स्मार्टफोन हवा होता आणि कर्जाने वाकलेल्या बापाला तो घेऊन देणे जमले नाही, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. आत्महत्येचे कारण कधीही एकच नसते, आणि दुसऱ्याच्या दुःखावरून घाईने निष्कर्ष काढू नयेत, हे खरे. तथापि ज्या समाजात एक उपकरण मिळणे न मिळणे हा बापलेकांच्या मानापमानाचा प्रश्न होऊन बसतो, त्या समाजाने क्षणभर थांबून स्वतःकडे पाहिले पाहिजे.

याच्या उलट चित्र सांगली जिल्ह्यात दिसले. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की गावातले दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल बंद. मुले अभ्यासाला व वाचनाला आणि थोरली माणसे एकमेकांशी बोलायला मोकळी. दीड तासाने पुन्हा भोंगा होई. सुरुवातीला आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, समजूत घातली, आणि मग गावाला ती सवय लागली.

एका घरात फोन नाही म्हणून आकांत, तर एका गावात फोन आहे म्हणून भोंगा. वरवर पाहता ही दोन चित्रे परस्परविरोधी वाटतील. वस्तुतः ती एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. फरक आहे तो एवढाच की, पहिल्या ठिकाणी एक कुटुंब त्या प्रश्नापुढे एकटे पडले होते आणि दुसऱ्या ठिकाणी सारे गाव त्याच्यासमोर एकत्र उभे राहिले. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांनी समाजमाध्यमांचा वापर शहाणपणाने कसा करावा, या प्रश्नाचे उत्तर या फरकातच दडलेले आहे.

अर्धापूर तालुक्याचेच उदाहरण घ्यावे. इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी, केळीच्या बागा, हळद आणि ऊस यांवर उभा असलेला हा भाग. येथील अनेक घरांत बापाला केळीचा आजचा भाव वाचून दाखविणारा, पावसाचा अंदाज सांगणारा, पीकविम्याच्या अर्जात रकाने भरणारा घरातील माणूस म्हणजे आठवी-नववीतला मुलगा किंवा मुलगी होय. व्यापाऱ्याने सांगितलेला भाव खरा की खोटा, हे ताडून पाहण्याचे साधन शेतकऱ्याच्या घरात आले, ही गोष्ट लहान नाही. आणि तेच पोर रात्री जेवणानंतर त्याच फोनवर एकामागून एक रील पाहत अकरा-बारा वाजेपर्यंत जागते, सकाळी शाळेत डुलक्या घेते, कोणा अनोळखी माणसाशी बोलते, हरल्यावर पैसे मागणाऱ्या खेळात गुंतते. साधन एकच आहे. ते दिवसा मुलाला घरातला शहाणा माणूस बनविते आणि रात्री त्यालाच गिऱ्हाईक बनविते.

हा फोन मुलाच्या हाती कोणी दिला, याचाही विसर पडता कामा नये. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे दीड वर्षाहून अधिक काळ बहुसंख्य मुलांची शाळा म्हणजे फोनचा पडदा हीच होती. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांनी शेळी विकून, उसने काढून तो घेतला. तेव्हा शासनानेच फोन घ्या म्हणून सांगितले. शाळा उघडल्यावर मात्र फोनचे काय करायचे हे सांगायला कोणीच आले नाही. घराघरांत आई-बाप आणि मुले यांच्यात आज जी रोजची धुसफूस चालते, तिचे मूळ या बेजबाबदारीत आहे. अशा स्थितीत मुलांना ‘बिघडलेली पिढी’ म्हणून नावे ठेवणे हा शुद्ध अन्याय होय.

ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालातील आकडे या दृष्टीने मननीय आहेत. चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. अशा मुलांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या काही कामासाठी तो वापरणारी ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के निघाली. समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलांपैकी त्रास देणारे खाते बंद कसे करावे किंवा त्याची तक्रार कशी करावी, हे ठाऊक असणारी सुमारे ६२ टक्के आणि आपले खाते परक्या नजरेपासून खाजगी कसे ठेवावे, हे ठाऊक असणारी सुमारे ५५ टक्के होती. म्हणजे दर दहांतील चार मुले कडी नसलेल्या घरात राहत आहेत. ही कडी लावण्यास शिकविणे अवघड नाही. ते कोणाचे काम, हे मात्र अद्याप ठरलेले नाही.

या प्रश्नाकडे केवळ संस्काराचा किंवा मनोनिग्रहाचा प्रश्न म्हणून पाहणारे एक मोठी गोष्ट विसरतात. येथे एका बाजूस तेरा वर्षांचे मूल आहे आणि दुसऱ्या बाजूस जगातील सर्वांत धनाढ्य कंपन्या आहेत. बाजारातील सामान्य व्यवहारात माल घेणारा पैसे मोजतो. येथे वापरणारा काहीच मोजत नाही. पैसे मोजतो तो जाहिरातदार. मग विकला जाणारा माल कोणता? तो म्हणजे वापरणाऱ्याचे लक्ष, त्याचा वेळ. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालविणाऱ्या मेटा या कंपनीचे २०२४ सालचे उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते आणि त्यातील ९७ टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींचा होता. पुढे ज्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले त्या हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच असे बजावले होते की, माहितीचा सुकाळ झाला की लक्षाचा दुष्काळ पडतो. त्या दुष्काळावर आज व्यापार चालतो. दादाभाई नौरोजींनी देशातून बाहेर वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला. मराठवाड्यातून कापूस बाहेर जाई आणि कापड होऊन परत येई, ते गणित या भागातील जुन्या पिढीला समजावून सांगावे लागत नाही. आता खेड्यातील मुलांच्या संध्याकाळी कच्च्या मालासारख्या बाहेर जात आहेत आणि त्यांच्या बदल्यात जाहिराती परत येत आहेत.

या व्यापाराचे परिणाम कंपन्यांना ठाऊक नाहीत असेही नाही. इन्स्टाग्राममुळे किशोरवयीन मुलींपैकी काहींच्या मनात आपल्या शरीराविषयी न्यूनगंड वाढतो, हे मेटाच्या स्वतःच्या अंतर्गत पाहणीत आढळले होते, ही गोष्ट फ्रान्सिस हॉगेन या तेथील माजी कर्मचारी स्त्रीने २०२१ मध्ये कागदपत्रांनिशी चव्हाट्यावर आणली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतील चाळीसहून अधिक राज्यांनी या कंपनीवर मुलांच्या अहिताबद्दल दावे दाखल केले. मुलाला सुटू न देणारी रचना जाणूनबुजून उभारायची आणि नंतर त्याच्या आई-बापांना ‘लक्ष ठेवा’ असे सांगायचे, ही नीती दारूच्या दुकानावर आरोग्याची पाटी लावण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात या माध्यमांनी याहूनही भयंकर फळे दाखविली आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भटक्यांना ठार केले. ती माणसे सोलापूर जिल्ह्यातून पोट भरण्यासाठी आली होती. ती अफवा हातोहाती, फोनमधून फोनमध्ये पसरली होती. पुढे पाठविण्याचे बटण दाबताना कोणालाही आपण काही गुन्हा करीत आहोत असे वाटले नसेल. आजचे तेरा-चौदा वर्षांचे मूल उद्या याच रस्त्याने चालणार आहे. वाचलेले खरे मानण्यापूर्वी थांबणे, कोणी सांगितले आणि त्यात त्याचा काय लाभ, असे विचारणे, ही नागरिकत्वाची पहिली इयत्ता आहे. ती शाळेच्या कोणत्या तासाला शिकवायची हे ठरविणे निकडीचे आहे.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक होतो. ‘असर’च्या त्याच पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असणारे मुलगे सुमारे ३६ टक्के, तर मुली सुमारे २७ टक्के होत्या. शहाणपणाच्या नावाखाली घातलेली बंदी प्रथम कोणावर कोसळते, हे यावरून उमगावे. मराठवाड्यात बालविवाहाचे प्रमाण फार मोठे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाले, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के, तर नांदेडलगतच्या परभणी जिल्ह्यात ४८ टक्के आढळले. जिथे अशी परिस्थिती आहे तिथे मुलीच्या एका छायाचित्राचा कोणी गैरवापर केला, की शिक्षा गैरवापर करणाऱ्याला होण्याऐवजी मुलीची शाळा सुटते आणि घरात स्थळे पाहणे सुरू होते. म्हणून मुलगी घरी येऊन ‘असे असे झाले’ म्हणून निर्भयपणे सांगू शकेल, आणि सांगितल्यावर तिची शाळा बंद होणार नाही, अशी हमी देणारी माणसे गावात असणे, हे कोणत्याही बंदीपेक्षा महत्त्वाचे आहे.

बंदीचा मार्ग लोकांना सोपा वाटतो, हे समजण्यासारखे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास मनाई करणारा ठराव केला. त्यामागची कळकळ खरी होती. परंतु ज्या घरात बापाला अर्ज वाचता येत नाही, त्या घरातील मुलाच्या हातून फोन काढून घेणे म्हणजे त्या घराचे डोळे काढून घेणे होय, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास प्रतिबंध केला. त्या कायद्याचे यशापयश काळच ठरवील; पण त्यातील एक तत्त्व समाजवाद्यांनी आवर्जून उचलावे असे आहे. तेथे शिक्षा मुलाला नाही, आई-बापालाही नाही. पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या जवळपास जाणारा दंड आहे तो कंपनीला.

भारतात २०२३ साली व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा झाला. त्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती ही मूल मानली गेली, तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरली, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई झाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून महत्त्वाच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. कायदा स्वागतार्ह आहे. पण ज्या घरात फोनवरचा मजकूर बापाला मुलगाच वाचून दाखवितो, तिथे पालकाची संमती म्हणजे काय? मुलगाच विचारणार, मुलगाच वाचणार आणि बापाचा अंगठा तोच टेकवून घेणार. दिल्लीत तयार झालेला कायदा गावात पोचतो तो माणसांच्या पायांनी. ती माणसे नसतील तर कायदा कागदावर राहतो.

अर्धापूरच्या शेतकऱ्याला हे सांगण्यासाठी दूरचे दाखले नकोत. कालव्याला पाणी सुटले आणि ज्याला हवे तेवढे त्याने घेतले, तर वरच्या शेतात चिखल होतो, जमीन खारावते आणि शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत थेंब पोचत नाही. म्हणून कालवा बुजवा, असे कोणी म्हणत नाही. पाळी ठरते, दारे बसविली जातात आणि सगळ्यांनी मिळून ते नियम पाळले जातात. पाण्याच्या बाबतीत जे शहाणपण या मातीत रुजले आहे, तेच फोनच्या बाबतीत रुजविता येईल. मात्र पाळी एकट्या शेतकऱ्याने ठरवायची नसते. ती गावाने ठरवायची असते. वर्गातील सर्व मुले रात्री एका ग्रुपवर असताना ‘तू तेवढा बाहेर पड’ असे एका मुलाला सांगणे व्यर्थ आहे. सर्वांनी एकदम फोन ठेवला तर कोणालाही एकटे पडावे लागत नाही. वडगावच्या भोंग्याचे मर्म हेच होते.

पण फोन ठेवल्यानंतर मुलाने काय करायचे? खरा प्रश्न येथून सुरू होतो. ज्या वस्तीत खेळायला मैदान नाही, वाचनालय उघडे नाही, घर दोन खोल्यांचे आहे आणि त्यात सहा माणसे आहेत, तिथे मुलाची संध्याकाळ फोनने व्यापली याचे नवल ते काय! फोनने ती हिसकावून घेतली नाही. ती रिकामी पडली होती. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या अकरा हजारांच्या पुढे गेली. निजामी अमलात सभांवर बंधने असताना मराठवाड्यात वाचनालये आणि राष्ट्रीय शाळा हीच लोकजागृतीची ठाणी होती. ४ जून १९४१ पासून नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली काय केले? मुलांची संध्याकाळ मागून घेतली. खेळ, गाणी, गोष्टी आणि त्यांतून समतेचा विचार. त्या शाखांतून तयार झालेली मुले पुढे पन्नास वर्षे सार्वजनिक जीवनात वावरली. ती मैदाने ज्यांनी ओस पडू दिली, त्यांनी आज मुलांना दोष देऊ नये.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाच्या गोष्टी स्पष्ट आहेत. पहिली, गावातील शाळेची एक खोली किंवा वाचनालय रोज संध्याकाळी दोन तास मुलांसाठी उघडे राहील, यासाठी ग्रामपंचायत, नगरपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती यांच्याकडे आग्रह धरावा, आणि केवळ निवेदन देऊन न थांबता तेथे स्वतः पाळीपाळीने बसावे.

दुसरी, आठवड्यातून एक संध्याकाळ फोन घेऊनच मुलांना बोलवावे. खाते खाजगी कसे ठेवावे, सांकेतिक शब्द कसा बदलावा, त्रास देणाऱ्याला कसे अडवावे, बातमीची शहानिशा कशी करावी, हे मुलांनी मुलांना शिकवावे. फसवणूक झाल्यास १९३० आणि बालकांच्या कोणत्याही संकटात १०९८ हे क्रमांक, तसेच मन खचल्यास बोलण्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा. केरळात कन्नूर जिल्ह्याने २०१८ मध्ये सरकारी शाळांतील मुलांना खोट्या बातम्या ओळखण्याचे धडे दिले. त्याच वर्षी त्या राज्याने माध्यमिक शाळांतून ‘लिटल काइट्स’ ही मुलांची तंत्रज्ञान मंडळे उभारली. सरकारी शाळेतील गरीब मूल तंत्रज्ञानाचे केवळ ग्राहक राहू नये, ते करणारे व्हावे, ही त्यामागची दृष्टी होती. महाराष्ट्राने ती उचलण्यास हरकत नसावी.

तिसरी, मुलांच्या हातातील या साधनाला काम द्यावे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा करून ठेवल्या. त्या काळी त्यासाठी वही आणि ध्वनिफीत लागत असे. आज प्रत्येक फोन ध्वनिमुद्रण करू शकतो. आजीच्या ओव्या, बाहत्तरच्या दुष्काळातील खडी फोडण्याच्या आठवणी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात काय झाले ते सांगणारी लातूरकडची माणसे, गावाच्या बारवेचा इतिहास, हे सारे मुलांनी टिपावे आणि २००३ पासून मुक्तपणे लिहिला जात असलेल्या मराठी विकिपीडियावर आपल्या गावाची खात्रीशीर माहिती लिहावी. ज्या मुलाने एकदा स्वतः काही घडविले, त्याला इतरांनी दाखविलेले तासन्‌तास पाहत बसण्यात तेवढे सुख वाटत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती स्वतःपासून सुरू करायची आहे. राजकीय कार्यकर्त्यांचे फोन आज कोणत्या अवस्थेत आहेत? विरोधकाविषयी आलेला मजकूर खरा की खोटा, हे न पाहता पुढे ढकलणारे हात सर्व पक्षांत आहेत; समाजवादी त्याला अपवाद आहेत असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल काय? नेत्याच्या वाढदिवसाचे स्टेटस ठेवण्यासाठी आणि रीलमध्ये घोषणा देण्यासाठी चौदा वर्षांच्या मुलांना गोळा करणे, ही मुलांच्या वेळेची लूटच होय. ती कंपनीने केली काय किंवा पक्षाने केली काय, मुलाच्या दृष्टीने फरक पडत नाही. जो बाप जेवताना फोन पाहतो त्याने मुलाला उपदेश करू नये, आणि जो कार्यकर्ता पडताळणी न करता मजकूर पाठवितो त्याने विवेकावर व्याख्यान देऊ नये.

कंपन्यांना जाब विचारणे, कायद्याची अंमलबजावणी मागणे आणि शाळाशाळांतून समुपदेशक नेमण्याचा आग्रह धरणे, हा लढा दीर्घकाळ चालेल आणि तो दिला पाहिजे. परंतु तोवर वाट पाहणे मुलांना परवडणारे नाही. चौदावे वर्ष कोणासाठी थांबत नाही. केळीच्या गाड्या भरून गेल्यावर, दिवेलागणीच्या वेळी गावातले मूल कुठे बसते, कोणाबरोबर बसते आणि त्याच्याशी कोण बोलते, हा अर्धापूरचा प्रश्न आहे, तसाच तो बिलोलीचा आणि लातूरचाही आहे. त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसायला कायदा लागत नाही आणि निधीही लागत नाही. लागतो तो दोन तासांचा वेळ. तो कार्यकर्त्यांकडे नसेल, तर मुलांकडे कोणत्या तोंडाने मागायचा?